किशनराव आहेत का?

“ओऽ... आलो, आलो!”

वडलांचा, दादांचा, हा आवाज राजेश्रीच्या कानात लहानपणापासून मुरलेला. गल्लीतून कुणी हाक घातली, की दादा गोठ्यात असोत नाहीतर ताटावर, आधी ‘ओ’ लांबवायचे आणि मग उठायचे. त्या ‘ओ’ला एवढी लांबी, की दादा दारात पोचले तरी त्याचं शेपूट गोठ्यातच रेंगाळायचं.

श्रावणात दादा तापानं गेले आणि गल्लीनं त्यांचं नाव जसं पुरूनच टाकलं. गेल्या माणसाला हाक मारत नाहीत. मारली, तर तो ओ देतो म्हणतात.

दिवाळी सरली. पेडगावाकडची ती लहानशी वस्ती कापूस वेचायला रानात पांगली. भर दुपारी लिंबाची सावली बुंध्याशी गोळा होऊन बसलेली, होलाही घुमायचा थांबलेला... आणि दारात हाक आली.

“किशनराव! ओ किशनराव! आहेत का?”

राजेश्रीच्या शिलाई मशीनचं चाक थांबलं. शेजारच्या कडूबाईच्या दाराची कडी आतून खाडकन लागली. आवाज तरणा होता, परका होता. पण दादांचं नाव... किती महिन्यांनी ते असं उघड्या उन्हात आलं होतं! तिला वाटलं, आता गोठ्यातून काहीतरी येईल. ती कान लावून थांबली. काही आलं नाही.

तिनं दार उघडलं. खांद्याला झोळी, कपाळावर घाम, आणि डोळे असे, की बघणाऱ्यालाच पाणी विचारावंसं वाटावं.

“मी नागेश. मानवतचा. तापाची पाहणी करतोय. किशनराव...?”

“न्हाईत,” ती म्हणाली. आणि जीभ आपसूक पुढं गेली — “शेतात गेलेत.”

फारसं खोटंही नव्हतं ते. दादांना अग्नी शेताच्या बांधावरच दिला होता.

“मग पुन्हा येतो.”

“शेजारी इचारा की. कडूबाई दिवसभर घरीच असती.”

“नाही चालत. चिठ्ठ्या टाकून घरं काढलीत, त्यात हे घर निघालं. दिसेल त्या दारात विचारत बसलो, तर दुपारी घरात कोण सापडणार? म्हातारे आणि आजारी. मग सगळं गावच आजारी दिसायचं!”

“मी आजारी दिसायले का?”

नागेश गोंधळला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “नाही... तुम्ही... तुम्ही तर...”

“पाणी घ्या,” ती हसू दाबत म्हणाली.

तो येत राहिला. नियमच होता तसा — आधी घरातल्या कर्त्याला विचारायचं, तो नसला तर पुन्हा यायचं, घर बदलायचं नाही. तो गल्लीच्या तोंडाशी आला, की दारं लागत, पोरं आत ओढली जात. मेलेल्याला हाक मारणारा पोरगा! त्याच्याशी बोलायची कुणाची छाती? त्यामुळं त्याला खरं सांगणारंही कुणी उरलं नाही. आणि राजेश्री? ती उंबऱ्यात उभी राहून ती हाक अंगभर झेलायची. हाकेपुरते दादा असायचे. हाकेनंतर... नागेश असायचा.

“आजही नाहीत?” तो विचारायचा.

“तुमचं नशीबच तसं. योगायोग म्हणा.”

“एकदा चुकामूक झाली तर योगायोग. पण दर वेळी तेच व्हायला लागलं, तर आमच्या शास्त्रात योगायोगावर ढकलता येत नाही. कारण शोधावं लागतं.”

“मग शोधा की.”

“शोधतोय,” तो हळूच म्हणाला, “पण घाई नाही...”

तिनं मान खाली घातली. सुईत दोरा ओवायला गेली, तर सुईच हातात नव्हती.

आई रुख्मिणी रोज दिवेलागणीला रानातून परतायची आणि चूल पेटवताना गुणगुणायची —

‘हाक मारी वारा गं, दार वाजवी सावली,
गेल्या माणसाची वाट उंबऱ्याला घावली...’

राजेश्रीच्या अंगावर काटा यायचा. आईला कुणी काही सांगितलं होतं की काय?

पुढच्या खेपेला नागेशनं हाक मारलीच नाही. नुसताच दारात येऊन उभा राहिला. चेहरा उजळलेला.

“भेटले बरं का तुमचे वडील!”

तिच्या हातातली कात्री खाली पडली.

“तुमच्या शेतावरून आलो. बांधावर बसले होते, पाठमोरे, खांद्यावर पांढरं उपरणं. मी लांबूनच हाक मारली. काय लांबलचक ओ दिली हो! पार वाऱ्यावर तरंगत आली. ‘आलो, आलो’ म्हणाले... पण उठले नाहीत. मी म्हणालो, घरातल्या तापाचं विचारायचंय. तर म्हणाले, पोरीला इचारा, ती सांगल.”

लिंबाखालची सावली हलली. वारा नव्हता.

“तोंड... बघितलं का?” तिनं कसंबसं विचारलं.

“ऊन डोळ्यांवर होतं. निघताना वळून बघितलं, तर बांधावर नव्हते. तुरीत शिरले असावेत.”

असेल कुणी वाटसरू. असेल शेजारचा गडी. तिनं मनाला समजावलं, पण मन काही समजेना. ती ‘ओ’ तर साऱ्या पंचक्रोशीत एकाचीच होती.

“तर सांगा,” नागेश जोत्यावर टेकला. “आज माझा शेवटचा फेरा आहे. आज उत्तर नाही मिळालं, तर हे घर रिकामं सोडावं लागेल.”

“सोडा की. एका घरानं काय होतंय?”

“हे एकटं घर नाही, राजेश्री. चिठ्ठीत निघालेलं प्रत्येक घर न निघालेल्या कितीतरी घरांच्या वतीनं बोलतं. ते गप्प बसलं, की ती सगळी गप्प. मग इथला ताप नेहमीसारखाच ठरेल आणि तपासणीचं पथक दुसरीकडं जाईल. मेलेलं माणूस स्वतः सांगायला येत नाही ना... घरानंच सांगायचं असतं.”

भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू आलं. कडूबाईची सून. कालपासून तापानं फणफणलेली. दादांच्या तापाचा पहिला दिवस असाच होता.

राजेश्रीनं त्या भिंतीकडं बघितलं. सांगितलं, तर दादा कायमचे गेले. पुन्हा त्यांना कुणी हाक मारणार नाही. आणि हा... हा तरी परत कशाला येईल? खोटं बोलणारीच्या दारात?

कण्हणं पुन्हा आलं.

“लिहा,” ती म्हणाली. आवाज चिरकला. “किशनराव. श्रावणात गेले. तापानं.”

नागेशचा हात जागीच थिजला. त्यानं तिच्याकडं बघितलं, मग शेताच्या दिशेनं. हळूहळू त्याच्या ओठांवरचा रंग उतरला.

“मग... बांधावर...?”

“मला न्हाई ठाव.”

मग त्यानं लिहिलं. झोळी खांद्याला लावून तो उठला, गल्लीत उतरला आणि थांबला. मागं न बघताच त्यानं विचारलं, “पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

“दादांचं नाव परत कानावर पडावं म्हणून.” ती दाराची चौकट धरून उभी होती. “ते पहिल्या दिवशी. नंतर... नंतर तुमी याल म्हणून.”