भरल्या गाडीचे दिवे

शववाहिनीचं काम मी नाकारत नाही, पण जेवणाआधी घेत नाही. मुलुंडला माझा गाड्यांच्या वायरिंगचा गाळा आहे, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. हे काम मला कुणी शिकवलं नाही. गाड्या उघडत गेलो आणि जे सापडलं ते वहीत लिहीत गेलो. आता सांगतो त्यातले वार आणि वेळा वहीतल्याच आहेत. बाकीचं लिहायला हात धजला नाही, म्हणून तोंडाने सांगतो.

एप्रिलमधला सोमवार होता. सकाळी अकराच्या सुमारास राजाराम गाडी घेऊन आला. आम्ही एकाच चाळीत वाढलो. त्याचे वडील गिरणीत होते, माझेही. गेली बारा वर्षं तो एका मंडळाची शववाहिनी चालवतो. टेम्पोच्या चासीवर बांधलेली जुनी गाडी आहे ती. मागे पत्र्याची बंद खोली, मधोमध स्टीलचा ट्रे, दोन्ही बाजूंना नातेवाइकांसाठी बाकडी.

"ब्रेकचे दिवे लागत नाहीत," तो म्हणाला. "आणि टपावरचे बारके मार्कर दिवे पण, तेही ब्रेकलाच जोडलेत. आरटीओत पासिंगला नेली तर साहेबाने परत पाठवली."

"बल्ब बदललास?"

"दोनदा. फ्यूज पण बदलला."

"मग अर्थिंग गेलं असेल. संध्याकाळी घेऊन जा."

तो जाईना. गाळ्याच्या कठड्याला टेकून उभा राहिला. रस्त्यावर कोणी नाही बघून म्हणाला, "चंदू, हसू नको. भरलेली असली की लागतात."

"काय भरलेली?"

"गाडी रे. आत मयत असलं की दिवे झकास लागतात. सिग्नलला मागच्या गाडीच्या काचेवर लाल पडतं, मला आरशात दिसतं. मयत उतरवलं की बंद."

मला हसू आलं नाही, उलट बरं वाटलं. वजन पडलं की फळी दबते, फळीखालची सुटलेली वायर पत्र्याला टेकते, दिवा लागतो. असं मालाच्या टेम्पोत मी कितीदा बघितलंय. तसं त्याला सांगितलं.

"तसंच असू दे बाबा," तो म्हणाला. "गुरुवारची तारीख मिळालीय. त्या दिवशी पास नाही झाली तर मंडळ गाडी भंगारात देणार आहे, दुसरी घेणार नाही. मी सत्तावन्नचा. मला आता कोण गाडी देतंय? पोरीचं, चेतनाचं, नर्सिंगचं अजून एक वर्ष राहिलंय."

जेवून आलो आणि मागची खोली उघडली.

तुम्हाला वाटेल, मेलेल्या माणसाचा वास. तो मला ठाऊक आहे, तो सरळ असतो. हा तसा नव्हता. शिळ्या फुलांचं पाणी, जळका कापूर, फिनेल, आणि त्या सगळ्याच्या तळाशी काहीतरी गोड. लहान मुलाच्या तोंडाला दुधाचा येतो तसं गोड. मी रुमाल बांधला. ट्रे बाजूला काढून खालचा पत्रा उचकटला, तर तो सहज सुटेना, चिकटला होता. स्क्रू ड्रायव्हर घालून उचलला तेव्हा ओलं कातडं सोलावं तसा आवाज झाला.

वायरींचा सगळा जोड त्या पत्र्याखालच्या खाचेत होता आणि खाच भरलेली होती. ट्रेच्या कडेने वर्षानुवर्षं जे गळत आलं, ते तिथे साचून थिजलं होतं. वरून साय धरलेली, खाली पिवळट तपकिरी. त्यात झेंडूच्या पाकळ्या, गुलाल, तांदूळ, केस. पांढरे केस, काळे केस, एक मेंदी लावलेला लाल. जोड शोधायला त्यात बोटं घालण्याशिवाय इलाज नव्हता. हातमोजा होता, तरी आतलं कोमट आहे हे कळलं. गाडी तीन तास सावलीत उभी होती.

ते सगळं मी पत्र्याच्या डब्यात काढलं. अर्धा डबा भरला. घाण गटारात ओतायला मन होईना, म्हणून मागच्या मोकळ्या जागेत खड्डा खणून पुरली. रॉकेलने खाच धुतली, जोड नवे केले, नवीन अर्थिंग चासीला पक्कं आवळलं.

राजारामने ब्रेक दाबला. दिवे लागले नाहीत.

घरी गेलो तर बायकोने, मालनने, दारातच थांबवलं. "आधी मोरीत जा. कपडे बाहेर काढ. काय उचलून आणलंस आज?" तीनदा साबण लावला. तरी जेवताना भाकरीचा तुकडा तोंडाजवळ नेला की बोटांना तो गोड वास. मी पानावरून उठलो.

मंगळवारी सकाळपासून एकेक गोष्ट तपासली. पेडलचा स्विच चांगला होता. ब्रेक दाबला की टेस्ट लॅम्प सॉकेटवर पेटत होता, म्हणजे करंट येत होता. अर्थिंग होतं. बल्ब माझ्या टेबलावर बॅटरीला लावला की पेटत होता. तोच बल्ब गाडीत घातला की मेला. शेवटी मी जुनी वायरिंग सोडून दिली आणि बॅटरीपासून नवी वायर टपावरून मागे ओढली. करंट येतो, अर्थिंग आहे, बल्ब धड आहे. पेटायला आणखी काय लागतं? पण पेटला नाही.

संध्याकाळी डाव्या दिव्याची काच काढली, तर आत तळाशी पाणी. पाणी म्हणायचं एवढंच. पिवळसर होतं आणि बोटाला तार धरत होतं. पावसाला अजून दीड महिना होता आणि ती काच मी आदल्या दिवशीच पुसून, नवं रबर घालून बसवली होती. मोजून बाटलीचं एक टोपण भरलं. पुसलं. बुधवारी सकाळी पुन्हा एक टोपण.

बुधवारी वजन घालून बघायचं ठरवलं. सिमेंटच्या दोन गोण्या ट्रेवर ठेवल्या. काही नाही.

"गोणीने नाय होणार," राजाराम म्हणाला.

"मग तू झोप."

"मी नाय झोपणार तिथे. बारा वर्षांत साधा बसलो नाय."

मग मीच झोपलो. दिवसाढवळ्या, दुपारी तीन वाजता, दार उघडं ठेवून. ट्रे मी स्वतः घासला होता. तरी मान टेकली तशी काहीतरी ओलं कॉलरमधून आत उतरलं. पाठीखालचं स्टील थंड असायला हवं होतं. नुकतंच कोणी उठून गेलेल्या अंथरुणासारखं ते होतं.

"दाब," मी ओरडलो.

"दाबलाय."

मान वळवून दाराबाहेर बघितलं. समोरच्या दुकानाच्या शटरवर लाल उजेड पडायला हवा होता. नव्हता. मी बाहेर आलो आणि गटारापाशी जाऊन ओकलो. राजारामने पाण्याची बाटली दिली. मी चूळ भरत असताना तो खाली बघत बोलला.

"उद्या सकाळी मयत न्यायची एक वर्दी आहे. वृद्धाश्रमातली म्हातारी, द्रौपदीबाई. आज पहाटे गेली. मागेपुढे कोणी नाही, सोबत येणारं पण कोणी नाही. पासिंगचं मैदान वाटेवरच पडतं."

"तुला कळतंय का तू काय बोलतोयस?"

"कळतंय."

"माणूस आहे ती, राजाराम."

"मग काय करू? तू सांग. तू नीट करून दे ना दिवे, मी कशाला नेतोय तिला?"

नाही म्हणायला हवं होतं. मी विचारलं, "किती वाजता?"

त्या घाणीत बोटं घातली तेव्हा वाटली नव्हती एवढी किळस मला स्वतःची वाटली. ती अजून धुतली गेलेली नाही.

गुरुवारी साडेनऊला आम्ही वृद्धाश्रमात पोचलो. तिथलं बघणाऱ्या सुगंधाताईंनी बाईंना नवं लुगडं नेसवलं होतं, पायाचे अंगठे दोऱ्याने बांधले होते. एवढीशी बाई, पस्तीस किलोही नसेल. आम्ही तिला ट्रेवर ठेवलं.

"सावकाश न्या हो," सुगंधाताई म्हणाल्या. "त्यांना गाडी लागायची. रिक्षात बसल्या तरी उलटी." मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "मी रिक्षाने पुढे होते. स्मशानात कागद करून ठेवते."

मी दार लावलं आणि गाडीच्या मागे उभा राहिलो. राजारामने गेटपाशी ब्रेक दाबला.

लागले. दोन्ही ब्रेकचे, टपावरचे चारही मार्कर. उन्हातही डोळ्यांत घुसावेत असे लाल. गोण्यांचं वजन शंभर किलो होतं, माझं सत्तर.

मैदानावर आमच्यापुढे सहा गाड्या होत्या. दहा मिनिटांचं काम म्हणून गेलो होतो, पाऊण तास उन्हात उभे राहिलो. पत्रा तापला. कुठून कोण जाणे माशा आल्या आणि मागच्या दाराच्या फटीवर रांगेने बसल्या. साहेब आला तो नाकाला रुमाल लावूनच.

"गाडी खाली आहे ना, रिकामी?"

"खाली आहे साहेब," राजाराम म्हणाला.

मी साहेबाच्या बाजूला उभा होतो.

"ठीक आहे. मागचं उघडू नका, सकाळपासून चहा नाही झाला माझा. ब्रेक दाब."

दिवे लागले. साहेबाने मोबाइलवर व्हिडिओ काढला.

"सोड."

विझले.

"पुन्हा दाब."

आतून बारीक आवाज आला. ट्रेचं स्टील कुरकुरलं, एकदाच. मी साहेबाकडे बघितलं, पण त्याचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. त्याने टायर बघितले, हॉर्न ऐकला आणि राजारामला कागद घेऊन टेबलापाशी बोलावलं. राजाराम इंजिन बंद करून, किल्ली घेऊन उतरला. फाइल घेऊन माझ्यासमोरून चालत गेला. त्याच्या चपला धुळीत फटफट वाजत होत्या.

मी गाडीकडे वळलो. दिवे लागलेले होते.

ड्रायव्हरच्या केबिनमध्ये डोकावलो. कोणी नाही. पुन्हा मागे आलो. दिवे विझले... मग लागले... मग विझले. कोणी अनोळखी गाडीचा ब्रेक चाचपून बघावा तसं, हळूहळू. दर वेळी आत ट्रे कुरकुरत होता. डाव्या काचेच्या तळातून पिवळट थेंब निघून नंबर प्लेटवर ओघळला. मी रुमाल काढून तो पुसला. साहेबाने वळून बघू नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. ओल रुमालातून तळहाताला लागली. कोमट होती.

"पास," राजाराम पळत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "एक वर्ष, चंदू. एक वर्ष सुटलो."

वाटेत खिडकीतून तोंड बाहेर काढून बसलो.

स्मशानात सुगंधाताई फाटकापाशीच उभ्या होत्या. "एवढा वेळ?"

"ट्रॅफिक," मी म्हणालो.

त्या ऑफिसमध्ये सही करायला गेल्या. तिथे काम करणारा नितेश, चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने दार उघडलं आणि ट्रे ओढला. बाईंचं सगळं नीट होतं, तोंडावरचं कापडही हललं नव्हतं. फक्त अंगठ्यांचा दोरा तुटला होता. डावा पाय होता तसाच. उजवा लुगड्याबाहेर आलेला, गुडघ्यातून ताठ, आणि पाऊल पुढे दाबलेलं. नितेशने ते हाताने सरळ करायला घेतलं, होईना.

मी वाकलो. तळव्याला, बोटांच्या मागच्या मांसल भागावर, आडव्या रेघा उमटल्या होत्या. सात रेघा, अगदी सरळ, सारख्या अंतरावर. दाबाने कातडी आत गेलेली, मधल्या पट्ट्या वर आलेल्या. मेलेल्याची कातडी उसळून परत येत नाही. बोटाने चाचपल्या. असा ठसा मी अठ्ठावीस वर्षं रोज बघतोय. ब्रेकच्या पेडलवरच्या रबराचा होता तो.

ट्रे आणि केबिन यांच्यात पत्र्याची भिंत आहे. तिला फट नाही, भोक नाही. तो पत्रा मी दोन दिवस पुसला होता.

"हे... हे काय आहे?" राजाराम माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याने फाइल छातीशी धरली होती.

नितेशने एकदा पायाकडे, एकदा आमच्याकडे बघितलं.

"यात काय बघताय? तुमच्या गाडीतून येणाऱ्या सगळ्यांच्या पायाला असतं हे. उजव्याच. मला वाटायचं हॉस्पिटलवाले शिक्का मारत असतील."

तो लाकडं रचायला गेला. राजारामने वाकून तो तळवा जवळून बघितला. मग अगदी हळू, स्वतःशीच बोलावं तसा म्हणाला,

"तरीच... भरलेली असली की ब्रेकला मला कधी जोर लावावा लागला नाही."