त्याला पुढे जाऊ दिलं

माझ्या लिहिण्यात चुका सापडतील, सांगण्यात सापडणार नाहीत. हे घडलंय. माझ्या धाकट्या जावयांच्या बाबतीत घडलंय, आणि मुलगी तेव्हा त्यांच्या शेजारीच बसली होती. ज्याला पटायचं नसेल त्याने इथेच थांबावं.

समुद्रकाठचं मोठं रिसॉर्ट. सुट्टीचा शेवटचा दिवस. दुपार कलली होती.

बायकोला समुद्र दाखवतो म्हणून नेलं आणि स्वतः रोज गोल्फच्या मैदानावर. कारण एकच. थोरले जावई, म्हणजे त्यांचे साडू, गेल्या वर्षी याच मैदानावर खेळून आले होते. तेव्हापासून आमच्या घरात प्रत्येक जेवणाला तेच तोंडी लावणं. धाकट्यांना साडूंपेक्षा एक तरी फटका कमी घेऊन दाखवायचा होता. आज नाही तर कधीच नाही.

मैदान मात्र मोठं लबाड. मोठमोठ्या स्पर्धा होतात तिथे. जोर लावून उपयोग नाही, डोकं लावावं लागतं. सरळ मारावं तर वाळूचा खड्डा, खड्डा चुकवावा तर पाणी. वळसा घालून, दमाने जाणाऱ्याचंच तिथे जमतं. आणि आमच्या जावयांना लिफ्ट येईपर्यंतही दम धरवत नाही.

तरी त्या दिवशी हात बसला होता. निम्मा खेळ झाला, साडू मागे पडत होते.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, मागे कोणीतरी आहे.

एकटाच माणूस. लांब, काठीवर दोन्ही हात टेकून उभा. बॉल मारत नव्हता, हलत नव्हता. नुसती यांचं आटपायची वाट बघत होता...

त्या खेळात रीत आहे. मागचा खोळंबला असेल तर आपण बाजूला व्हायचं, हात करायचा आणि त्याला पुढे जाऊ द्यायचं.

"अहो, जाऊ द्या ना त्याला."

"तू बस गप्प. आत्ता कुठे जमतंय."

पुढच्या खळग्याच्या झेंड्याकडे गेले. तो मागेच. तेवढ्याच अंतरावर.

त्याला चालताना मात्र दोघांपैकी कोणीच पाहिलं नाही.

जावयांना मानेवर त्याची नजर टोचायला लागली. हातभरावरून बॉल चुकला. पुढचा गेला वाळूत. काढायला गेले तर वाळूच उडाली, बॉल तिथेच. पुन्हा मारला, पुन्हा वाळू. सगळी कमाई त्या एका खड्ड्यात गेली. खेळून झालं की वाळू दाताळ्याने सारखी करून ठेवायची असते. जावयांनी दाताळं भिरकावलं आणि पाय आपटत मैदानावरच्या छोट्या गाडीत येऊन बसले.

गाडी सुरू केली...

मागून आवाज आला. खर्र... खर्र...

वळून पाहिलं. तो लांब, होता तसाच. खड्डा मात्र गुळगुळीत. दाताळं जागच्या जागी.

जावयांच्या बुटांचे ठसे गेले होते. पुसणाऱ्याचा एकही ठसा नव्हता.

दुसरा कोणी घाबरला असता. हे चिडले. गाडी गवतात घातली, दातओठ खात हात केला. "जा बाबा एकदाचा. जा पुढे."

वारा पडला.

झेंड्याची फडफड थांबली. मग गाडीच्या अगदी कडेने, खिळ्याच्या बुटांचा आवाज... सावकाश... पुढे निघून गेला.

मुलीने पाय आत ओढून घेतले.

मागे पाहिलं तर कोणी नव्हतं. जावई म्हणाले, सुटलो.

पुढचा झेंडा समुद्राच्या कड्यावर. त्यांनी बॉल ठेवला, काठी उचलली, आणि तशीच खाली आणली.

झेंड्यापाशी कोणीतरी पाठ करून उभं होतं.

समोर माणूस असताना मारता येत नाही. थांबले. हाका मारल्या. शिव्याही दिल्या म्हणे. तो हलेना.

"अहो," मुलगी म्हणाली, "तिथे कोणी नाहीये."

सूर्य बुडेपर्यंत जावई काठी धरून उभे. खेळ अर्धाच राहिला. गाडी परत करताना तिथल्या माणसाने एवढंच विचारलं, "वाट दिलीत त्याला?" उत्तर ऐकलं, चावी खिळ्याला अडकवली आणि खिडक्या लावायला लागला.

घरी परतल्यावर मुलीचे फोन सुरू झाले. सिग्नल हिरवा होतो, हे गाडी हलवत नाहीत. मागे भोंग्यांचा गोंधळ. म्हणतात, पुढे कोणीतरी आहे. लिफ्ट उघडते, आत पाऊल टाकत नाहीत. ऑफिसला जाणं बंद. मी म्हटलं, हरल्याची लाज आहे, दुसरं काही नाही. घेऊन ये इकडे, मी बघते.

परवा आले. उंबऱ्याशीच खिळले. मी दारात उभी.

"या की आत. का आमंत्रण छापून देऊ?"

जावई माझ्याकडे बघतच नव्हते. माझ्या नि त्यांच्या मधे बघत होते.

"आई," अगदी हळू म्हणाले, "जरा बाजूला व्हा. त्याला आत जायचंय."

या घरात मी कुणासाठी बाजूला झालेली नाही. सासूसाठीही नाही. पण त्यांचा तो चेहरा बघवेना.

झाले बाजूला.

दाराचा पडदा हलायचा थांबला...

जावई हसत आत आले. पोटभर जेवले. जाताना गाडी स्वतः चालवत गेले. काल तर साडूंना फोन करून म्हणाले, या खेळायला, बघतोच तुम्हाला.

चांगलं झालं.

मी हे बाहेरच्या खोलीत बसून लिहितेय. सकाळपासून चहा नाही. सून दोनदा स्वयंपाकघरात जाऊन आली, म्हणते, आई, तिथे कोणी नाहीये. मी इथूनच हाका मारल्या. शिव्याही देऊन झाल्या.

माझ्या ओट्यापाशी कोणीतरी पाठ करून उभं आहे...

हलत नाही.