दुपारी चारची खटखट

सोराइदाबाईंनी टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप तान्ह्या बाळासारखा टेबलावर ठेवला, तेव्हा नेमेसिओ दुरुस्तीला आलेला कुणाचा तरी पंखा उघडून बसला होता.

"गुरुवारी सहाला वीज आली, तार लावली, तर आतून नुसती खटखट. माझ्या गेलेल्या नवऱ्याची, लेओन्सिओची चाळीस गाणी आहेत यात, त्याच्याच आवाजात. परवा सोमवारी त्याच्या नावावर नोंदवायची होती. मला गाणी हवीत. आणि हे करणारा हवाय. त्याला मी सोडणार नाही."

पलीकडे नेमेसिओची वहिनी आम्पारो तांदूळ निवडत होती. तीस वर्षं कोर्टात कारकून होती ती. कामाग्वे शहरात कुणाचं काही गेलं, की लोक पोलिसांआधी तिच्याकडे येत.

"बॅटरी?" तिने विचारलं.

"ती केव्हाच वारली. तारेवर जगतो बिचारा."

नेमेसिओने डिस्क कानाशी धरली. "आपटलीय. राजधानीतले लोक तुमचं वर्षाचं पेन्शन मागतील, बाई. माझ्याकडे फुकटचा प्रोग्रॅम आणि धीर आहे. चांगला भाग आधी उचलायचा, तापली की थांबायचं."

"भाचा म्हणतो, बर्फात ठेवा."

"त्याला म्हणावं, आधी स्वतःचं डोकं ठेव! ओल धरली तर उरलंसुरलंही जाईल."

त्या वर्षी वीज रोज बारा ते सहा जायची. फक्त इस्पितळाच्या लाइनवरची घरं सुटायची. दुपारी नेमेसिओ आणि आम्पारो सोराइदाबाईंच्या गल्लीत गेली, तर भाचा योआन्द्रिस दारातच वारा घेत होता.

"मावशी मला चोर ठरवते, काकू! मी सिरियल बघत होतो. बाराला वीज गेली, लॅपटॉप मेला. झाकण लावलं आणि डोमिनो खेळायला गेलो."

"लॅपटॉप विकायच्या मागे लागला होतास ना?"

"म्हणून मोडू? मोडका कोण घेतो?"

शेजारचा मेल्कियादेस लेओन्सिओबरोबर तीस वर्षं गिटार वाजवत आला होता. त्याने दोघांना बसवलं, पाणी दिलं. पेल्यात बर्फ किणकिणत होता.

"सोराइदावहिनींसाठी जीव तुटतो हो. गुरुवारी चारला त्यांच्या ओसरीवरून गेलो, तर आत खटखट, खटखट. पोराने चालूच ठेवला असणार. वहिनी तेव्हा रेशनच्या कोंबडीच्या रांगेत."

रस्त्यात नेमेसिओ म्हणाला, "पोरगाच, वहिनी. तोंडावरून दिसतं."

"पाणी गार होतं ना?"

"मस्त! का?"

"काही नाही. तू डिस्क बघ."

रविवारी संध्याकाळपर्यंत तेहतीस गाणी निघाली. कोणतं कधी उघडलं, त्याची यादीही निघाली. ती वाचून आम्पारोने सगळ्यांना सोराइदाबाईंच्या ओसरीवर बोलावलं.

"गुरुवारी बारा ते सहा या घरात वीज नव्हती," ती म्हणाली. "लॅपटॉपला बॅटरी नाही. मग चारला तो खटखटला कसा, मेल्कियादेस?"

"वेळ चुकली असेल माझी."

"नाही चुकली. यादी सांगते, तीन चाळीसला एकामागून एक गाणी उघडली गेली. म्हणजे उतरवून घेतली. त्यासाठी वीज हवी. ती कुठे होती? काल दुपारी गल्लीभर पंखे बंद होते आणि तुम्ही आम्हाला बर्फ दिलात. तुमची भिंत या घराला लागून आहे, पण तार इस्पितळाच्या लाइनवरची. हे घर रिकामं बघून लॅपटॉप तुम्ही तिकडे नेलात आणि नंतर परत ठेवलात. ज्याची वीज कधीच जात नाही, तो शेजाऱ्याची गेलीय हे विसरतो. पोरावर ढकलायला खटखट सांगितलीत. ती तुम्ही ऐकली होती खरी, पण स्वतःच्या टेबलावर, डिस्क आपटल्यावर."

"अरे बापरे!" नेमेसिओ म्हणाला.

मेल्कियादेस म्हणाला, "कार्निव्हलला गायची होती. माझ्या नावावर. तीस वर्षं मी त्याच्या मागे उभा राहून वाजवलं, वहिनी. पुढे कधी आलोच नाही."

"तुझ्याकडे चाळीसच्या चाळीस आहेत?" सोराइदाबाईंनी विचारलं. आजवर त्या त्याला अहो-जाहो करत.

"आहेत."

"न निघालेली सात आत्ता आणून दे. उद्या नोंदणीच्या कचेरीत येऊन गाणी त्याची आहेत असं लिहून दे. आणि कार्निव्हलला तू पुढे येशील. मांडवात, सगळ्या वादकांसमोर, हातात गिटार न घेता. गाणी कुणाची आणि तू काय केलंस, ते सांगशील."

"मग मला कुणी वाजवायला बोलावणार नाही. त्यापेक्षा पोलिसांना बोलवा."

"पोलीस चार दिवसांत सोडतील," सोराइदाबाई म्हणाल्या. "मी पहिल्या रांगेत बसणार आहे."