हामासाकीला गाडी थांबत नाही

हे जसं घडलं तसं सांगतेय. पटलं तर ठीक, नाही पटलं तरी माझी तक्रार नाही. तिखटमीठ लावायची मला हौस नाही, आणि आता तर तेवढा वेळही नाही.

तारीख तीन नोव्हेंबर, गेल्या वर्षीची. सुट्टीचा दिवस, सकाळचे अकरा. लख्ख ऊन पडलं होतं. असलं काही रात्रीच घडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

जागा म्हणजे आमच्या गावातली प्राथमिक शाळा. तोत्तोरीकडे समुद्राकाठी आमचं गाव आहे, जपानच्या नकाशात भिंग घेऊन शोधावं लागेल एवढं. मुलंच उरली नाहीत म्हणून शाळा बंद झाली, आणि इमारत पाडायची ठरली.

ही गोष्ट माझ्या धाकट्या भावाची. शुंगोची.

शुंगो बेचाळीस वर्षांचा. एका बस कंपनीत वेळापत्रकं आणि मार्गांचे नकाशे काढतो. बायको सोडून गेल्यापासून पलीकडच्या गल्लीत एकटा राहतो, आणि रोज संध्याकाळी सहाला माझ्याकडे जेवायला येतो. किल्ली आहे त्याच्याकडे, तरी बेल वाजवतो. दोनदा, छोटी.

लहानपणापासून त्याला आगगाड्यांचं वेड. खऱ्या गाड्यांचं नाही, मनातल्या. सहावीत असताना त्याने एका मोठ्या कागदावर रेल्वेचा नकाशा काढला होता. वर्गात अठ्ठावीस मुलं, म्हणून अठ्ठावीस स्टेशनं. प्रत्येक स्टेशनला एकेका मुलाचं आडनाव. बंदराकडची मुलं निळ्या मार्गावर, डोंगराकडची हिरव्या. त्यांच्या वर्गशिक्षिका कुवाबारा बाईंनी कौतुकाने तो वर्गाच्या मागच्या भिंतीवर लावला.

गेल्या सप्टेंबरात मोरिवाकीचा फोन आला. हा शुंगोचा वर्गमित्र. टोफूचं दुकान चालवतो आणि गावातल्या प्रत्येक भानगडीत नाक खुपसतो.

"शुंग्या, शाळा पाडायच्या आत सगळ्यांनी एकदा भेटायचं ठरलंय. सहावी संपताना अंगणात पुरलेली आपल्या वस्तूंची पेटीपण काढायचीय. तू तो रेल्वेचा नकाशा नव्याने काढ की! हॉलमध्ये लावू."

"काढतो. तुझं स्टेशन जंक्शन करतो बघ," शुंगो म्हणाला. "नाहीतरी गावातल्या सगळ्या चुगल्या तुझ्याच दुकानात गाडी बदलतात."

तो हसला. कित्येक वर्षांनी मी त्याला असं हसताना पाहिलं.

महिनाभर तो माझ्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायचा. नागाओ अंगाने दांडगा, म्हणून त्याच्या स्टेशनला चार फलाट. जुळ्या बहिणींची स्टेशनं एकमेकींना चिकटून. जे गाव सोडून ओसाकाला गेले त्यांच्यासाठी लांबचा लाल मार्ग. तोंडाने शीळ चालू असायची. मला बरं वाटायचं.

एकदा मी सहज स्टेशनं मोजली.

सत्तावीस.

पुन्हा मोजली... सत्तावीसच.

"शुंगो, तोमोए कुठंय?"

त्याची शीळ थांबली. "मोरिवाकी म्हणाला, आनंदाचा दिवस आहे. नको म्हणाला, ताई."

"तो म्हणाला, आणि तू ऐकलंस."

"सगळ्यांचंच तसं मत आहे."

"सगळ्यांचं तेव्हाही तसंच मत होतं," मी म्हटलं.

तो लॅपटॉप मिटून घरी गेला.

आता तोमोएचं सांगायलाच हवं. सांगताना मला माझीच लाज वाटते.

तो जुना नकाशा भिंतीवर लागल्यावर मुलांनी त्यातून एक खेळ काढला होता. रोज सकाळी शुंगोने एका नावावर लाल कागदाची पट्टी चिकटवायची. त्या दिवशी त्या स्टेशनला गाडी थांबणार नाही. म्हणजे त्या मुलाशी दिवसभर कुणी बोलायचं नाही. त्याच्याकडे बघायचं नाही. त्याने हाक मारली तरी ऐकूच आली नाही असं वागायचं. शाळा सुटताना पट्टी काढायची, आणि ज्याने लावली त्यानेच काढायची, हा नियम. सगळ्यांची पाळी यायची, शुंगोचीसुद्धा. हसणं-खिदळणं चालायचं.

ऑक्टोबरात फुकादा तोमोएची पाळी आली. शाळा सुटताना शुंगो पट्टी काढायला गेला, तर कुणीतरी म्हणालं, "राहू दे की. हिच्याशी बोलायचंय कुणाला?"

सगळे हसले. शुंगोने हात मागे घेतला.

फेब्रुवारी उजाडला तरी पट्टी तशीच होती.

त्याच महिन्यात एके दिवशी तोमोए आमच्या दारात आली. मी तेव्हा सोळा वर्षांची. बेल वाजली, मी दार उघडलं. बर्फ पडत होता आणि तिच्या पायांत नुसते कॅनव्हासचे बूट होते, ओले झालेले.

"हामासाकी आहे का?" हामासाकी हे आमचं आडनाव. "त्याला विचाराल का, पट्टी काढशील का म्हणून?"

मी मागे वळून पाहिलं. शुंगो जिन्यावर बसला होता. त्याने हाताने खूण केली... नाही म्हण.

"शुंगो घरात नाही," मी सांगितलं.

त्याचे बूट तिच्या समोरच पडले होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग वाकून नमस्कार केला आणि गेली.

तीन दिवसांनी सापडली. गावाबाहेर, बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर एक जुनं स्टेशन आहे. तिथे गाड्या यायच्या कधीच्याच थांबल्या होत्या. तिथल्या बाकावर ती बसलेली होती, दप्तर मांडीवर घेऊन. थंडीने गोठली, एवढंच डॉक्टर म्हणाले. मोठ्या माणसांपैकी कुणी नकाशाबद्दल विचारलं नाही, आणि मुलांपैकी कुणी सांगितलं नाही. मीही नाही.

मार्चमध्ये शाळा संपली. बाईंनी नकाशा उतरवला, गुंडाळला, आणि मुलांच्या वस्तूंबरोबर पेटीत घालून अंगणात पुरला. त्या वेळी पट्टी फुकादावरच होती. अख्ख्या वर्गाने पाहिली होती.

तर, तीन नोव्हेंबर.

मिसोचा रस्सा वाढायला मदत म्हणून मी गेले होते. त्यामुळे जे झालं ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. शुंगोचा नवा नकाशा हॉलच्या भिंतीवर होता. जो तो आपलं स्टेशन शोधून फोटो काढत होता. कुवाबारा बाई चाकाच्या खुर्चीत बसून आल्या होत्या.

पेटी उघडली. पत्रं निघाली, भोवरे निघाले, बेसबॉलचा एक हातमोजा निघाला. सगळ्यात खाली गुंडाळलेला कागद होता. मोरिवाकीने तो टेबलावर पसरला.



फुकादाचं नाव मोकळं होतं... कालच लिहिल्यासारखं स्वच्छ.

लाल पट्टी हामासाकीवर होती.

"कुणाची चेष्टा आहे ही?" शुंगो म्हणाला.

मी पुढे होऊन बोट लावलं. तीस वर्षं जमिनीखाली पडलेला कागद... आणि पट्टीखालची खळ अजून ओली होती.

नखाने सोलून पाहिलं. पट्टी हलेना.

"मोरिवाकी, मी विचारतोय! कुणी केलं हे?"

मोरिवाकी त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. त्याने मान वर केली, शुंगोच्या अंगावरून पलीकडे नागाओकडे पाहिलं आणि म्हणाला, "चला, चला, रस्सा निवतोय."

कुणीच शुंगोकडे बघत नव्हतं. मला वाटलं, ओशाळलेत.

मग बाईंनी पूर्वीसारखी हजेरी घ्यायचं ठरवलं. सगळे पाठ ताठ करून बसले.

"नागाओ."

"हजर!"

नागाओनंतर हामासाकीचं नाव यायला हवं होतं.

"हिगुची," बाई म्हणाल्या.

"हजर!"

"बाई, मी राहिलो," शुंगोने हात वर केला. बाईंनी कागदावरून नजर उचलली नाही.

"फुकादा."

सवयीने तोंडून गेलं असेल. माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

हॉलच्या मागच्या बाजूने आवाज आला... हळू, लहान मुलीचा.

"हजर."

बाईंनी मान डोलावली आणि पुढचं नाव घेतलं. "मोरिवाकी."

"हजर!" मोरिवाकी ओरडला. एकानेही मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं. मागे भिंत होती आणि रचून ठेवलेल्या खुर्च्या.

शुंगोने येऊन माझं मनगट धरलं. त्याचा हात गार पडला होता.

"ताई, तुला तरी ऐकू येतंय ना मी बोलतोय ते?"

"येतंय रे," मी म्हटलं.

गाडीत तो एकच वाक्य बोलत होता. लावणाऱ्यानेच काढायची. लावणाऱ्यानेच काढायची. दुपारी दोनला आम्ही त्या जुन्या स्टेशनवर पोचलो. रूळ गवतात बुडाले होते. प्रवाशांच्या खोलीचं दार कुणी काढून नेलं होतं. आत बाक होता, रिकामा.

शुंगो चौकटीत उभा राहिला आणि कमरेतून खाली वाकला. वाकूनच राहिला.

"फुकादा, माझं चुकलं. मला कळत होतं. मी काढू शकत होतो, तरी नाही काढली. मी घाबरलो होतो. आता तू... पट्टी काढशील का?"



वारा नव्हता. समुद्र एवढा जवळ, पण त्याचाही आवाज येत नव्हता.

मग बाक करकरला... बसलेलं माणूस उठलं की करकरतो तसा.

पावलं वाजली. ओल्या बुटांची. चुप... चुप... चुप...

ती शुंगोकडे येत होती. त्याने मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते, आणि चेहऱ्यावर अशी आशा होती की मला ती अजून झोपू देत नाही.

पावलं त्याच्या अगदी जवळून गेली.

थांबली नाहीत.

माझ्यापाशी मात्र थांबली... श्वास घ्यावा एवढा वेळ. मग गवतात विरून गेली.

नकाशा मी घरी आणला होता. पट्टीला वाफ दिली, पाणी लावलं, चाकूचं टोक घातलं. कागद फाटायला आला, पट्टी निघाली नाही.

त्यानंतर बस शुंगोसमोरून तशीच पुढे जायला लागली. त्यानेच ठरवलेल्या थांब्यावरून. दुकानांची आपोआप उघडणारी दारं उघडेनात. ऑफिसात त्याला कुणी काढून टाकलं नाही, फक्त त्याच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसायला लागलं. मी मोरिवाकीच्या दुकानात जाऊन भांडले. "शुंगो तुझा मित्र आहे, लाज नाही वाटत?" तो माझ्याकडे हसून बघत होता. मी श्वास घ्यायला थांबले तेव्हा म्हणाला, "ताई, टोफू घट्ट देऊ की मऊ?"

मला मात्र शुंगो दिसत होता. ऐकू येत होता. रोज सहाला बेल, दोन बांगडे, भाताचे दोन वाडगे.

"तुझ्यापाशी अजून गाडी थांबते, ताई," तो एकदा म्हणाला. "तेवढ्यावर मी आहे."

"बडबड करू नकोस. जेव," मी दटावलं. मग मोरीत जाऊन रडले.

जानेवारीत एका संध्याकाळी तो काहीतरी सांगत होता, आणि मी मध्येच टीव्हीचा आवाज वाढवला. मुद्दाम नाही हो. खरंच मुद्दाम नाही. टीव्हीचं काही ऐकू येत नव्हतं म्हणून. मग वळून पाहिलं, तर तो वाडग्यावर जेवायच्या काड्या आडव्या ठेवून माझ्याकडे बघत होता. रागावला नव्हता. फार घाबरला होता.

काल बर्फ पडत होता.

सहा वाजता बेल वाजली... दोनदा, छोटी.

मी दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. गल्ली पांढरी झाली होती. मी क्षणभर उभी राहिले, आणि माझ्या तोंडून आपसूक शब्द निघाले.

"शुंगो घरात नाही."

दार लावून मी टेबलाशी आले. जेवायला बसले. पहिला घास तोंडात गेला तेव्हा लक्षात आलं, मी एकच बांगडा भाजला होता. वाडगाही एकच मांडला होता.

धावत परत गेले. पायरीवर ताज्या बर्फात त्याच्या बुटांचे ठसे होते, दारापर्यंत आलेले. तिथे बर्फ तुडवला गेला होता, बराच वेळ कुणी उभं राहिल्यासारखा. मी गल्लीभर हाका मारल्या. त्याच्या घरी गेले. दिवा चालू होता, चहा गरम होता. तो तिथेच असेल, माझ्या समोर उभा असेल, मला म्हणत असेल, ताई, मी इथेच आहे. मी चारी भिंतींची माफी मागितली.

म्हणून हे लिहितेय. त्याचं नाव पानापानावर लिहिलं तर माझ्याच्याने विसरणं होणार नाही. दाराला आतून मोठ्या अक्षरांत कागद लावलाय, 'शुंगो येईल, थांब.' आज दोन बांगडे भाजलेत. दोन वाडगे मांडलेत. दुपारपासून दारापाशीच बसलेय.

आता साडेसहा झालेत.

बेल वाजलेली नाही.

किंवा वाजली असेल.