बाजेखालचा विस्तव

खोटं वाटलं तर खुशाल वाटू द्या. मला कुणाची समजूत काढायची नाही. पण हे माझ्या अंगावरून गेलंय, माझ्या लेकीच्या जिवावरून गेलंय. आणि ते रात्री घडलं नाही, अमावास्याही नव्हती. आटपाडीत, ह्याच थंडीत, लख्ख उन्हात, आमच्या मागच्या खोलीत घडलं.

मी आम्रपाली. माहेर कोरेगाव. आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. राजरत्नची मी दुसरी बायको. पहिली राणी. ती ह्याच खोलीत ओली बाळंतीण असताना गेली, तिचं पोरगंही गेलं. "वारं लागलं," एवढंच मला सांगितलं होतं. गावात वेगळं बोलायचे. राणीनं स्वतःचं पोर खाल्लं, मग मेली... आणि आता हडळ झालीय.

आमचं घर बौद्ध, बावीस प्रतिज्ञा सगळ्यांना तोंडपाठ. भूतखेत मानायचं नाही. तरी सासूबाईंनी माझ्या उशाखाली विळा ठेवलाच.

बाळंतिणीचा शेक तुम्हाला ठाऊक असेल. तेल लावून कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं. मग चुलीतला बाभळीचा रसरशीत विस्तव घमेल्यात काढायचा, वर ओवा टाकायचा, आणि घमेलं बाजेखाली सरकवायचं. बाजेवर आई आणि बाळ. दार बंद, खिडकी बंद, फटीत चिंध्या. गॅस असला तरी शेकासाठी चूल पेटतेच.

सासूबाई म्हणायच्या, "धूर हाय का? न्हाई न्हवं? मग कशाला भ्याचं?"

पहिल्याच शेकात माझं डोकं ठणकायला लागलं. डोळे मिटले. जाग आली ती अंगावर गार वारं आल्यामुळं...

खिडकी सताड उघडी होती.

फटीतल्या चिंध्या खाली पडल्या होत्या. सासूबाईंनी मलाच झापलं, वारं अंगावर घेतलंस म्हणून. मी जागची हललेही नव्हते, पण ऐकतंय कोण.

मग हे रोजचंच झालं. आधी खिडकीपाशी कुणीतरी खोकायचं... कोरडा, बाईमाणसाचा खोकला. मग खिडकीची कडी वाजायची. मग वारं.

एकदा सासूबाईंनीही तो खोकला ऐकला. तोंड पांढरंफटक पडलं त्यांचं. म्हणाल्या, ही राणीच, पोरीवर डोळा आहे तिचा. त्याच संध्याकाळी खिडकीवर बाहेरून फळी ठोकली. ठोकली कुणी? माझ्या नवऱ्यानं. मी त्याला सांगितलं होतं, शेकात डोकं फुटतं, वारं आलं की बरं वाटतं. खिळा सरळ बसला का, एवढंच तो बघत होता.

दुसऱ्या दिवशी न्हाणं झालं. घमेलं बाजेखाली गेलं. मांजर शिरू नये म्हणून सासूबाईंनी दाराला बाहेरून कडी घातली.

थोड्या वेळानं डोकं जड झालं. कूस बदलावी म्हटलं तर हात उचलेना. लेक शेजारी कुरकुरत होती. मग कुरकुर थांबली...

मी हाक मारायला गेले. आवाजच फुटेना.

आणि खोकला आला. पण खिडकीबाहेरून नाही... बाजेच्या अगदी जवळून.

ओले केस माझ्या गालावरून गेले. त्यांना ओव्याचा वास होता. शेजारची ऊब कुणीतरी उचलून नेली. पोर गेली माझी, पोर गेली, एवढंच मनात चाललं होतं. तरी हात हलला नाही.

पुढचं सासूबाईंच्या तोंडचं. त्या अंगणात भांडी घासत होत्या. पाठीमागून पोरीचं रडणं आलं... वळून बघतात तर शेवग्याखाली, उघड्या वाऱ्यात, दुपट्यावर माझी लेक.

दाराची कडी बाहेरून तशीच लागलेली होती.

त्या बोंब मारत आल्या आणि दार उघडलं, म्हणून मी वाचले.

आम्हा दोघींना मिरजेच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कोंडलेल्या खोलीतल्या विस्तवाचा विषारी वायू असतो. त्याला ना धूर, ना वास. माणूस झोपेतच जातं. मग त्यांनी विचारलं, घरात आधी कुणी असं गेलंय का? राजरत्न औषधं आणायच्या निमित्तानं बाहेर पडला.

घरी येऊन मी सासूबाईंना सगळं सांगितलं.

"आमच्या सात पिढ्या शेकल्या त्याच्यावर. कोण मेलं?"

"राणी मेली."

"ती हडळ हुती."

बघा म्हणजे. आधी मेल्यावर झाली म्हणत होते, आता जिवंतपणीच होती म्हणे. अहो, सात पिढ्या कौलारू घरात शेकल्या, कौलांच्या फटीतून वारं खेळायचं. हे स्लॅबचं घर, झाकण लावलेल्या डब्यासारखं. सांगून सांगून माझं तोंड दुखलं. बदनाम राणीच, घमेल्याला कुणी बोल लावत नाही. चीड येते मला ह्या घराची.

मग त्यांनी लांबून एक देवरुषी आणला. त्यानं उंबऱ्यात खिळा मारला आणि राणीला बांधली म्हणून सांगितलं. बावीस प्रतिज्ञांच्या घरात, होय. आणि तेव्हापासून खरंच... खोकला नाही. चाहूल नाही. सुटलो म्हणतात सगळे.

काल माझी नणंद करुणा दवाखान्यातून आली. मुलगा झालाय तिला. मागची खोली धुऊन घेतलीय, बाभळीची लाकडं आलीत, खिडकीवर फळी आहेच. मी करुणाला हात जोडून सांगितलं. ती हसली.

"वयनी, आई हाय ती माझी. माझं वाईट करंल व्हय?"

सासूबाई म्हणतात, मला हडळ शिवलीय, माझी सावलीसुद्धा बाळावर नको.

आत्ता करुणाचं न्हाणं चाललंय. मी त्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसलेय, मोबाईलवर हे लिहितेय. मला ओढून काढतील, माहीत आहे. राजरत्न त्यांच्याच बाजूचा आहे. जिच्या नावानं अंगाला कापरं भरायचं, तिला मी सकाळपासून हाका मारतेय.

राणी येत नाही.