होडीवाल्याचं आमंत्रण

माझ्या नवऱ्याला विचारलंत तर तो हसून टाळेल. पण त्या संध्याकाळी मी त्याच्या शेजारीच बसले होते. यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

लॉय क्रथोंगच्या, म्हणजे नदीत दिवे सोडायच्या सणाचा आदला दिवस. मेक्लोंग नदीकाठी प्रानोम मावशीचं हॉटेल आहे, अर्धं जमिनीवर, अर्धं पाण्यावर. आम्ही पाण्यावरच्या फळ्यांवर बसलो होतो. समोर वाफवलेले बांगडे, मिरचीचा ठेचा आणि चिंचेचा आंबट रस्सा. सूर्य नुकताच बुडाला होता.

तेवढ्यात एक होडी आली. आत एकच माणूस.

आमच्याकडे जेवताना कुणी दिसलं की हाक मारायचीच. त्याने "आत्ताच जेवलो" म्हणायचं आणि पुढे जायचं. खरंच येत कुणी नाही. त्यात माझा नवरा वीरा म्हणजे भिंतीशीही गप्पा मारणारा.

"या दादा, जेवायला या."

होडी थांबली...

"येतो," माणूस म्हणाला.

"घे, आता तुझ्यातला बांगडा दे त्याला," मी म्हटलं.

वीरा हसत सरकला. पुन्हा वर बघितलं तर नदीवर होडीच नव्हती.

वल्ह्याचा आवाजही आला नव्हता.

आणि बेडकांचं ओरडणं एकदम बंद झालं...

मावशी भाताचं पातेलं घेऊन आली. वीराशेजारची रिकामी जागा बघून तिचा चेहरा उतरला.

"कुणाला बोलावलंस रे?"

"होडीतल्या माणसाला. गेला वाटतं."

"गेला नाही. फळी बघ."

फळी ओली होती. ओल हळूहळू पसरत होती.

मावशीने तिथे ताट वाढलं. "बोलावलंयस ना, मग वाढायला हवं. जेवला की जाईल. तू तोंड मिटून बस."

भाताची वाफ एकदम थांबली. एक शीत हललं नाही, पण ताट गार पडलं.

मग फळ्यांखालून आवाज आला...

"पोट भरलं. आता तुम्ही यायचं माझ्याकडे."

वीराचं तोंड दाबायला मी हात उचलला. पण जन्माची सवय ती.

"येऊ की," तो म्हणाला.

मावशीच्या हातातला डाव खाली पडला.

त्याला आता वर्ष होईल. वीराने मासेमारी सोडली. आम्ही नदी सोडून कोराटला आलो. इथे जवळपास साधा ओढा नाही.

तरी दिवेलागणीला वीरा जेवता जेवता मान वर करतो आणि दाराबाहेर कुणाला तरी अदबीने सांगतो, "नको दादा, आत्ताच जेवलो."

बाहेर कुणी नसतं.

मला भीती वाटते. म्हणून ऊन उतरायच्या आत मी त्याला पोटभर वाढते. उपाशी माणूस कशाला भुलेल, सांगता येत नाही.

काल बाजारातून यायला मला उशीर झाला. घरात चूल पेटलेली नव्हती. वीरा दारात उभा होता, माझ्याकडे पाठ करून, रिकाम्या अंगणाकडे बघत.

"जेवायला काय काय केलंय?" तो विचारत होता.