मणीला कोण निजवतं?

चोळपुरमला माझ्या मित्राच्या, पद्मनाभच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. त्यातलं एक आणायला मी गेलो, ते बायकोच्या झोपेपायी. आमची एकुलती एक मधुमिता लग्न होऊन कोइमतूरला गेली आणि विशालाक्षीची झोपच उडाली. डोळ्यांखाली काळं, ताटातलं अन्न तसंच. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. खरं सांगतो, मला भीती वाटायला लागली होती. घरात काही लहान आलं तर जीव रमेल, एवढाच माझा हिशेब.

पिल्लाचं नाव ठेवलं मणी. दिवसभर गुणी बाळ. पण दुपारी दिव्यांचं दुकान बंद करून मी जेवायला येई आणि आम्ही आडवे होऊ, मी पुढच्या खोलीत, ती आतल्या, की चौकातल्या गोणपाटावर त्याचं रडगाणं सुरू. गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, रडलं तरी जायचं नाही. आम्ही कान दाबून पडून राहायचो.

एका दुपारी रडणं एकदम थांबलं. मग थापटल्याचा आवाज आला. सावकाश, मऊ. विरघळली शेवटी, असं म्हणून मी कूस बदलली. संध्याकाळी तिला चिडवलं.

"काय, राहवलें नाहीं ना?"

"मी कुठें उठलें? तुम्हींच गेलांत वाटलें मला."

दुसऱ्या दिवशी आम्ही आतल्या खोलीत शेजारी शेजारी बसलो, एकमेकांचा हात धरून. बाहेर मणी रडला. थांबला. थापटणं सुरू झालं, आणि त्यासोबत हलक्या आवाजात कोणीतरी म्हणालं, "निज रे बाळा... निज..."

आमच्या मराठीत! घर शेषाद्री अय्यरांचं, भाड्याचं. सगळ्या तमिळ गल्लीत आमच्याशिवाय ही भाषा कोणाला येत नाही. आणि पिल्लू चोळपुरमचं, म्हणून आम्ही दोघंही त्याच्याशी तमिळच बोलत होतो.

दार किलकिलं केलं. चौकात लख्ख ऊन, आणि बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा वेखंडाचा वास. मणी गाढ झोपला होता. त्याची हनुवटी मात्र जमिनीला टेकलेली नव्हती. वीतभर वर होती, आणि खाली काहीच नव्हतं. प्रत्येक थापेसरशी त्याचा कान जरासा दबत होता.

मी दार ओढून घेतलं. "उद्यांच परत देऊन येतों."

"थांबा हो," ती कुजबुजली. "कोणाचें वाईट करतें आहे तें? पाहूं तरी... कोण आहे."

तिच्या डोळ्यांत इतक्या दिवसांनी काहीतरी हललेलं पाहिलं आणि माझ्याच्यानं नाही म्हणवेना. मग ती रोज दुपारी चौकाच्या कडेला बसू लागली, मी दुकानात परतलो तरी तिथेच. संध्याकाळी दुकानातून आलो की मी विचारायचो, "दिसलें काय?" ती नुसती हसायची. हळूहळू जेवण वाढलं, झोप लागते म्हणाली, डोळ्यांखालचं काळं गेलं. मी सुखावलो. झोप कुठे लागते, हे विचारायचं मला सुचलं नाही.

काल जेवून दुकानात परतलो, पण गिऱ्हाईक नव्हतं म्हणून लवकर घरी आलो. चौकातून थापटणं ऐकू आलं. पण नेहमीसारखं नव्हतं. एक थाप इकडे, एक तिकडे.

विशालाक्षी फरशीवर आडवी होती. उशी नाही, चटई नाही. डोकं वीतभर अधांतरी. कपाळावरची बट आपोआप मागे सरकत होती. इतकी शांत झोपलेली मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. पलीकडे मणी, तसाच. दोघांच्या मधे एक माणूस मांडी घालून बसेल एवढी मोकळी जागा.

"विशालाक्षी..." मी हाक मारली. "विशालाक्षी, ऊठ..."

ती हलली नाही. थापटणं थांबलं. मणीनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, मग मान वर करून त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि शेपूट हलवलं.

आणि तिथून, माझ्या दिशेनं, अगदी हळू आलं,

"श्श्..."